सिसीची वेणी

आमच्या महिला मंडळात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी केशरचनेचा वर्ग असतो. मी तिथे काही शिकवत नाही. खुर्च्या मांडायच्या, घराघरांतून आरसे गोळा करायचे आणि फी द्यायला विसरलेल्यांना आठवण करायची, ही माझी कामं. यंदा बहुतेक मुलींची मागणी एकच होती. वरचे केस बांधलेले, खालचे मोकळे सोडलेले, आणि बांधलेल्या केसांची माशाच्या शेपटीसारखी वेणी. मुली तिला हाफ-अप फिशटेल म्हणतात.

आपली नेहमीची वेणी तीन पेडांची. ही दोनच पेडांची. कानांच्या वरून दोन्ही बाजूंचे केस मागे घ्यायचे, बारीक रबर लावायचं आणि त्यांचे दोन भाग करायचे. मग उजव्या भागाच्या अगदी बाहेरच्या कडेची बारीक बट उचलायची आणि डाव्या भागात नेऊन टाकायची. तशीच डाव्याची उजवीकडे. बट जितकी बारीक तितकी वेणी देखणी, आणि तितकाच वेळ जास्त. शेवटी वेणीच्या कडा बोटांनी जरा सैल करायच्या, म्हणजे पातळ केससुद्धा भरदार दिसतात. ज्यांना वाटतं की हे आपल्याला जमणार नाही, त्यांनी आधी सुतळीच्या दोन जुड्यांवर हात बसवून बघावा. मी तसंच केलं.

तर त्या वर्गातल्या एका मुलीनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पांढराशुभ्र घेरदार झगा घातलेली, खांद्यावरून वळून बघणारी एक बाई. मागे गडद तपकिरी वेण्यांचा भला मोठा भार, आणि त्यात ठिकठिकाणी चमकणाऱ्या चांदण्या. असंच करून हवं, असा तिचा हट्ट. शिकवणाऱ्या ताई हसायला लागल्या. एवढे केस आणायचे कुठून? चार गंगावनं जोडली तरी पुरायची नाहीत. मुलीला वाटलं, ही कुणी परदेशातली नटी असेल.

ती नटी नव्हती. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ. घरचे लोक तिला सिसी म्हणत. ते चित्र फ्रान्झ विंटरहाल्टर नावाच्या चित्रकारानं १८६५ साली पुरं केलं, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. केसांतल्या त्या चांदण्या हिऱ्यांच्या होत्या. आणि केस? ते तिचे स्वतःचे होते, सोडले की घोट्यापर्यंत पोचायचे.

सिसीचा जन्म २४ डिसेंबर १८३७ चा, जर्मनीतल्या म्युनिक शहरातला. वडील बव्हेरियाच्या राजघराण्याच्या एका शाखेतले. पण राजेपणाची त्यांना काही हौस नव्हती. सर्कस, घोडे, झिथर नावाचं तंतुवाद्य आणि भटकंती, यांतच ते रमायचे. स्टार्नबर्गच्या तळ्याकाठी पोसेनहोफेन इथे त्यांचा उन्हाळी वाडा होता. तिथे ही मुलं गावातल्या मुलांसारखी मोकळी वाढली. झाडावर चढणं, पोहणं, घोडदौड. सिसीला कुणी राणी करायला निघालं नव्हतं, त्यामुळे तिला फारसं काही शिकवण्याचीही कुणाला घाई नव्हती.

राणी व्हायचं होतं तिच्या थोरल्या बहिणीला, हेलेनला. ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योसेफ हा या मुलींचा मावसभाऊ. त्याची आई सोफी आणि सिसीची आई लुडोविका या सख्ख्या बहिणी. दोघींनी ठरवलं की हेलेन त्याला द्यायची. १८५३ च्या ऑगस्ट महिन्यात बाड इश्ल या गावी भेट ठरली. तिथे सम्राटाचा तेविसावा वाढदिवस होता. पंधरा वर्षांची सिसी आपली सोबत म्हणून आलेली.

आता बघा, बघण्याच्या कार्यक्रमाला काय घोटाळा व्हावा! घरात कुणी नातेवाईक वारल्यामुळे मायलेकी काळ्या कपड्यांत प्रवास करत होत्या आणि चांगल्या कपड्यांच्या पेट्या मागेच राहिल्या. हेलेनचे केस व्यवस्थित बसवण्यासाठी खास बाई बोलावली गेली. सिसीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिनं आपले आपणच विंचरले आणि साध्या वेण्या घातल्या. मावशी सोफीच्या मात्र ते नजरेत भरलं आणि तिनं ते नंतर कौतुकानं लिहूनही ठेवलं. फ्रान्झ योसेफच्या तर नुसतंच नजरेत भरलं नाही. त्यानं थोरलीला सोडून धाकटीला पसंत केलं. दोन-तीन दिवसांत साखरपुडासुद्धा झाला. सिसीला कुणी विचारलं का? विचारलं म्हणे, पण सम्राटाला नाही म्हणायची सोय होती कुठे.

लग्न झालं २४ एप्रिल १८५४ ला, व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये. सिसी सोळा वर्षांची. आणि मग पोसेनहोफेनच्या तळ्यावरून ती थेट हॉफबुर्ग नावाच्या राजवाड्यात येऊन पडली. तिथे उठण्याबसण्याचे नियम, कुणाशी कधी बोलायचं याचे नियम, हातमोजे कधी काढायचे याचेही नियम. मावशीच सासू म्हटल्यावर आपल्याला वाटेल की पोरीचं बरं चाललं असेल. पण मावशी होती तोवर मावशी होती, सासू झाली आणि सासूच झाली.

सोफीला आपण खलनायिका करू नये असं मला वाटतं. सिनेमात तसं करतात. ती अतिशय हुशार बाई होती. मुलाला गादीवर बसवण्यासाठी तिनं नवऱ्याचा हक्क सोडायला लावला होता. राज्य कसं टिकवायचं एवढंच तिला दिसत होतं. आणि या सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती राज्याचा वारस द्यायची तिची तयारी नव्हती.

१८५५ च्या मार्चमध्ये पहिली मुलगी झाली. तिचं नाव सोफी ठेवलं गेलं, आजीच्या नावावरून, आणि आईला न विचारता. बाळाची खोली आजीच्या दालनाला लागून. पुढच्या वर्षी जुलैत गिझेला झाली, तिचंही तेच. आपलं मूल बघायला आईनं जिने चढून जायचं आणि तिथे आधीच चार माणसं बसलेली असायची. बाळंतिणीच्या मनाचं काय होत असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सिसीनं एकदा जोर धरला. १८५७ च्या वसंतात हंगेरीच्या दौऱ्यावर तिनं दोन्ही मुलींना बरोबर नेलं, सासूचा विरोध असतानाही. तिथे दोघी आजारी पडल्या. गिझेला बरी झाली. दोन वर्षांची सोफी २९ मे रोजी बुडापेस्टला गेली.

यानंतर सिसीनं हातच टेकले. गिझेला पूर्णपणे आजीकडे गेली. पुढच्या वर्षी, १८५८ च्या ऑगस्टमध्ये राजपुत्र रुडॉल्फ झाला, त्यालाही तिनं फारसा विरोध न करता सोडून दिलं. जेवण कमी झालं, खोकला सुरू झाला, रडणं थांबेना. १८६० च्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी हवापालट सांगितली आणि ती दूर समुद्रातल्या मादेरा बेटावर निघून गेली. मग कॉर्फू, मग व्हेनिस. राजवाड्यापासून दूर राहिली की बरी व्हायची आणि परत आली की पुन्हा आजारी. असं करत जवळजवळ दोन वर्षं गेली.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये ती कायमची परतली ती वेगळीच होऊन. गेली होती ती रडवेली सून. आली ती पावणेसहा फुटांच्या आसपास उंचीची, ताठ मानेची, जिच्याकडे लोक बघतच राहावेत अशी बाई. राजवाड्यात तिच्या मालकीचं काय होतं? मुलं नाहीत, वेळ नाही, नवराही अर्धा आईचा. आपलं रूप तेवढं आपलं आहे हे तिला उमगलं असावं. आणि त्या रूपात पहिला मान केसांचा.

आणि इथे आपल्या गोष्टीत दुसरी बाई येते. फॅनी अँगरर. ही व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाटकगृहातल्या नट्यांचे केस बसवायची. सिसीनं रंगमंचावर एका नटीची केशरचना पाहिली आणि ही कुणी केली, म्हणून चौकशी केली. १८६३ साली फॅनीला राजवाड्यात बोलावून घेतलं. पगार किती? वर्षाला २००० गुल्डेन. त्या काळी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला साधारण एवढे मिळत! वर्तमानपत्रात बातमीसुद्धा आली. आमच्या वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगितलं. हातात कला असली तर कंगव्याला कमी लेखायचं कारण नाही.

फॅनीचं काम किती होतं ते ऐका. रोज दोन ते तीन तास नुसते विंचरणं आणि वेण्या. जमिनीवर पांढरं कापड अंथरलेलं, मधोमध सिसी खुर्चीवर, मागे फॅनी. आधी केसांचे भाग पाडायचे, मग एकेका भागाचा गुंता सोडवायचा, मग जाड जाड वेण्या घालायच्या आणि त्या डोक्याभोवती गुंडाळून आकड्यांनी बसवायच्या. कधी सगळ्यांचा मुकुट करायचा, कधी काही वर बांधून बाकीच्या मागे सैल सोडायच्या. शेवटी चांदीच्या ताटलीत त्या दिवशी गळलेले केस ठेवून सम्राज्ञीपुढे धरायचे. ताटलीत केस जास्त दिसले की तिचा दिवस वाईट जायचा. फॅनी मोठी हुशार. तिनं आपल्या एप्रनच्या आत एक चिकट पट्टी लावून घेतली होती. गळलेले केस गुपचूप तिथे चिकटवायची आणि ताटली जवळजवळ रिकामी दाखवायची. दुसऱ्याच्या मनाची अशी काळजी घेणाऱ्या माणसाला पगार किती द्यावा?

दर तीन आठवड्यांनी न्हाणं. अंड्याचा बलक आणि कॉन्यॅक नावाची दारू यांचं मिश्रण केसांना लावायचं, धुवायचं, मग वाळवत बसायचं. यात पूर्ण दिवस जायचा. त्या दिवशी सम्राज्ञी कुणाला भेटायची नाही. (आपलं रिठे-शिकेकाई उकळणं परवडलं! लहानपणी रविवारी आई माझ्या केसांना शिकेकाई चोळायची, त्याचा डोळ्यांत गेलेला झोंबरेपणा मला अजून आठवतो.)

पण सिसीनं हे तास वाया घालवले नाहीत, हे मला फार आवडतं. केस विंचरले जात असताना ती शिकायची. १८६३ मध्येच तिनं हंगेरियन भाषा शिकायला घेतली. ही भाषा जर्मनहून अगदी वेगळी, अवघड. शिवाय व्हिएन्नाच्या दरबाराला हंगेरीचं नावसुद्धा नको असायचं, कारण १८४८-४९ साली तिथल्या लोकांनी बंड केलं होतं. सासूला तर हंगेरियन लोकांची चीडच होती. सिसीनं नेमकी तीच भाषा का निवडली असेल, हे सुनांना कळेल! १८६४ साली इडा फेरेन्त्सी नावाची एक साध्या घरातली हंगेरियन मुलगी तिच्याकडे वाचक म्हणून आली आणि जन्मभराची मैत्रीण झाली.

त्याच सुमाराची विंटरहाल्टरची चित्रं. एक ते चांदण्यांचं, सगळ्या जगाला दाखवायचं. आणि दुसरी, खासगी. त्यांत केस पूर्ण मोकळे, दागिना नाही, दरबारी झगाही नाही. ती फक्त नवऱ्यासाठी काढलेली. फ्रान्झ योसेफनं ती आपल्या कामाच्या खोलीत लावली. पहाटे उठून फायली बघत बसणारा, वेळेचा पक्का, काटकसरी माणूस तो. त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं आणि तिला काय हवंय ते त्याला शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही सगळी कहाणी लिहायला घेतली ती सांगते. रुडॉल्फ सहा वर्षांचा झाल्यावर त्याला गोंद्रेकूर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलं होतं. पोरगं मुळात नाजूक आणि भित्रं. याला कणखर करायचं म्हणून हा माणूस रात्री त्याच्या खोलीत पिस्तुलाचे बार काढायचा, थंडीपावसात कवायत करवायचा. एकदा तर शिकारीच्या रानाच्या फाटकाआत त्याला एकट्याला ठेवून रानडुक्कर आलं म्हणून ओरडला. मूल आजारी पडायला लागलं. सिसीला हे कळलं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या चांदण्यांच्या चित्राच्याच वर्षी, तिनं नवऱ्याला लेखी कळवलं की मुलांचं सगळं मी ठरवणार, त्यांच्याजवळ कोण असेल, ती कुठे राहतील तेही, आणि माझं स्वतःचं सगळंही मीच ठरवणार. हे मान्य नसेल तर माझा मार्ग मोकळा. सम्राटानं मान्य केलं. गोंद्रेकूर गेला आणि लातूर नावाचा समजूतदार माणूस रुडॉल्फचा शिक्षक झाला.

दहा वर्षांपूर्वी ज्या मुलीला बाळाचं नाव ठेवतानाही कुणी विचारलं नव्हतं, तिचं हे पत्र. आरशासमोरच्या त्या तासांनी तिला बळ दिलं, असं मी म्हटलं तर काहीजणी नाक मुरडतील. पण सगळ्या युरोपात आपल्या बायकोच्या रूपाचं कौतुक होत असताना ती सोडून गेली तर काय होईल, हे सम्राटाला कळत होतं. आणि तिलाही कळत होतं की त्याला ते कळतं.

मग हंगेरी. तिथले पुढारी, विशेषतः ग्युला आन्द्राशी, तिच्याशी बोलायचे आणि ती नवऱ्याशी. १८६७ साली ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यात समझोता झाला आणि ८ जूनला बुडा शहरात दोघांना हंगेरीचे राजा-राणी म्हणून मुकुट चढला. राजकारणात तिनं लक्ष घातलं ते बहुधा एवढ्या एकाच वेळी. हंगेरियन लोकांनी तिला ग्योडोलोचा वाडा भेट दिला. पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच बुडाला चौथं मूल झालं, मारी व्हालेरी. हिला मात्र तिनं कुणाच्या हाती दिलं नाही. गिझेला आणि रुडॉल्फला जे मिळालं नाही ते सगळं एकटीला. थोरल्या दोघांना काय वाटलं असेल, असा प्रश्न मला पडतो.

सासूबाई १८७२ च्या मे महिन्यात गेल्या. शेवटच्या दुखण्यात सिसी त्यांच्या उशाशी बसून होती.

एव्हाना गंमत उलटायला लागली होती. केसांचं वजन एवढं की डोकं दुखायचं. दुखणं असह्य झालं की वेण्या रिबिनींनी वर बांधून टांगायच्या आणि तशीच तासन् तास बसायची, तेवढाच डोक्यावरचा भार हलका. कंबर ५१ सेंटिमीटर राहिली पाहिजे म्हणून चोळीच्या दोऱ्या आवळून घ्यायला कधी कधी तासभर. वजन पन्नास किलोच्या वर जाता कामा नये. त्यासाठी दूध, संत्री, मांस पिळून काढलेला रस, एवढ्यावर दिवस काढायची. राजवाड्यातल्या आपल्या खोलीत तिनं कसरतीची रिंग आणि शिडी बसवून घेतली होती, दरबारी बायका बघून थक्क. चालायला निघाली की सहा-सहा, आठ-आठ तास. बरोबरच्या बायका रडकुंडीला यायच्या. आज एखादी मुलगी अशी वागायला लागली तर आपण तिला डॉक्टरांकडे घेऊन जाऊ. मंडळात अशा मुली येतात, म्हणून सांगते.

तिशी ओलांडल्यावर थोड्याच दिवसांत तिनं फोटो काढून घेणं बंद केलं. पुढे बाहेर पडली की हातात चामड्याचा पंखा किंवा छत्री, कुणी बघतंय असं वाटलं की तोंडापुढे. जग तिला सत्तावीस वर्षांचीच ओळखत राहिलं. लोकांची नजर चुकवायला फॅनीच उपयोगी पडायची. १८८५ साली स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मीरला, फॅनी शाही नावेत बसून लोकांचे नमस्कार घेत फिरली आणि खरी सम्राज्ञी गुपचूप उतरून गाव बघून आली. फॅनीचं तोवर लग्न झालं होतं. दरबारच्या रिवाजानं लग्न झालेल्या सेविकेला नोकरी सोडावी लागे. सिसीनं नियम वाकवला आणि फॅनीचा नवरा फायफालिक यालाच आपल्याकडे सचिव म्हणून घेतलं. बायकोच्या कंगव्यावर नवऱ्याचं भलं झालं, असं उदाहरण आपल्याकडे तरी विरळाच.

आणखी एक गोष्ट, माझ्यासारखीला विशेष वाटणारी. १८७१ साली नवऱ्यानं भेट काय हवी म्हणून विचारलं तेव्हा तिनं दोन-तीन चमत्कारिक गोष्टींबरोबर मनोरुग्णांसाठी एक सुसज्ज रुग्णालय मागितलं. गमतीत मागितलं असेल. पण ती अशा रुग्णालयांत जायची, आधी न कळवता, आणि रुग्णांशी बोलत बसायची. तेव्हा त्या माणसांकडे कुणी धडपणे बघतसुद्धा नव्हतं.

३० जानेवारी १८८९. सकाळी तिचा ग्रीकचा धडा चालू होता. तेव्हा बातमी आली की मायरलिंगच्या शिकारी बंगल्यात रुडॉल्फ मेला आहे. तीस वर्षांचा रुडॉल्फ, आणि त्याच्याबरोबर सतरा वर्षांची मारी व्हेत्सेरा. आधी तिला गोळी, मग स्वतःला. नवऱ्याला ही बातमी सिसीनंच सांगितली. ज्या पोरासाठी एकदा ती सम्राटाशी भांडली होती, त्याच्या मनात पुढे काय चाललं होतं याचा तिला पत्ताच नव्हता. वर्षानुवर्षं ती प्रवासात, तो व्हिएन्नात.

तिथून पुढे काळे कपडे. दागिने तिनं मुलींना, नातेवाइकांना वाटून टाकले. केस तेवढे राहिले. १८९१ पासून ग्रीक शिकवायला क्रिस्टोमानोस नावाचा एक तरुण विद्यार्थी यायचा. सम्राज्ञी विंचरून घेत असायची आणि हा समोर बसून होमर वाचायचा. त्यानं पुढे त्या सकाळींचं वर्णन लिहिलं, म्हणून तर आपल्याला ती चांदीची ताटली ठाऊक आहे. स्वतः ती कविता लिहायची, पण कुणाला दाखवत नसे. १८९० मध्ये पेटीत बंद करून साठ वर्षांनी स्वित्झर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांकडे पोचवा अशी व्यवस्था करून ठेवली. १९५१ मध्ये ती तिकडे पोचली आणि १९८४ मध्ये छापली गेली. तिच्या इच्छेप्रमाणे पैसा छळामुळे देशोधडीला लागलेल्यांसाठी.

१० सप्टेंबर १८९८. साठ वर्षांची सिसी जिनिव्हाला, खोट्या नावानं उतरलेली. दुपारी सोबतिणीबरोबर, इर्मा स्तारैबरोबर, बोट पकडायला किनाऱ्यावरून चालली होती. लुइजी लुकेनी नावाचा इटालियन तरुण धावत आला आणि तिच्यावर आदळला. त्याला कुणीतरी राजघराण्यातलं माणूस मारायचं होतं, कुणीही. ती खाली पडली, उठली, मदत करणाऱ्यांचे आभार मानले आणि बोटीपर्यंत चालत गेली. बोट सुटल्यावर कोसळली. चोळीच्या दोऱ्या कापल्या तेव्हा छातीवर एक बारीक डाग दिसला. त्या माणसाच्या हातात धार लावलेली कानस होती, ती थेट हृदयात गेलेली. घट्ट आवळलेल्या चोळीमुळे रक्त हळू वाहिलं, म्हणून तेवढी पावलं तिला चालता आली. बोट परत फिरवून तिला हॉटेलात आणलं. तिथेच ती गेली.

चांदण्यांपैकी एक १९९८ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनातून चोरीला गेली आणि २००७ साली पार कॅनडात सापडली. फ्रान्झ योसेफ तिच्यानंतर अठरा वर्षं जगला, १९१६ पर्यंत. मोकळ्या केसांचं चित्र त्यानं कामाच्या टेबलासमोर तसंच राहू दिलं.

आमच्या त्या मुलीला यातलं निम्मंच सांगता आलं, कारण वर्ग संपत आला होता आणि खुर्च्या परत द्यायच्या होत्या. तिची फिशटेल मात्र छान जमली. मधोमध खड्यांची पिन खोचली होती, बाजारात दहा रुपयांना मिळते ती. चांदणी मिळाली नाही, म्हणून फुलपाखराची.